भाडं, वाडा आणि ग्लासगोच्या बायका : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं की जुन्या वाफेच्या इंजिनांच्या पितळी पाटीवर स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचं नाव कसं काय असतं, आणि मी उत्तर दिलं होतं की १९०३ मध्ये तिथल्या तीन कंपन्या एकत्र येऊन नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह नावाचा मोठा कारखाना झाला आणि त्यांनी आपल्या जीआयपी रेल्वेला, म्हणजे आत्ताच्या मध्य रेल्वेला, भरपूर इंजिनं पुरवली. शेवटी जाता जाता एक वाक्य लिहिलं की त्या शहरातले कामगार राहायचे कसे आणि त्यांच्या बायकांनी भाडेवाढ कशी हाणून पाडली ही गोष्ट इंजिनांपेक्षा मोठी आहे. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आलीत की यावेळी दुसरे विषय बाजूलाच ठेवले. सगळे प्रश्न स्कॉटलंडचे, साधारण १९०० ते १९३० मधले.

प्रश्न (एक ताई, जुनं नाशिक) : बायकांनी भाडेवाढ थांबवली म्हणजे नक्की काय केलं? आम्ही तीन पिढ्या वाड्यात भाड्याने राहतोय, भाडं अजूनही नावापुरतंच आहे पण छत गळतं. आपल्याकडचा भाडे कायदा त्या बायकांमुळेच आला असं कोणीतरी सांगितलं, खरं का?

ताई, मी पण वाड्यातच वाढले, दूध बाजाराच्या मागे. दोन खोल्या, मधे चौक, चौकात एक नळ आणि सकाळी सहाच्या आधीच बादल्यांची रांग. त्यामुळे ग्लासगोच्या घरांचं वर्णन वाचताना मला काहीच परकं वाटलं नाही. तिथे कामगारांची घरं म्हणजे तीन-चार मजली दगडी इमारती, रस्त्यावरून आत शिरायला एक अंधारा बोळ, त्याला तिथले लोक 'क्लोज' म्हणतात, बोळातून जिना आणि प्रत्येक मजल्यावर दोन-तीन बिऱ्हाडं. कित्येक बिऱ्हाडांना एकच खोली, तिच्यात भिंतीतल्या कोनाड्यात पलंग बसवलेला, तिथेच चूल, तिथेच बाळंतपण, तिथेच आजारी माणूस, आणि संडास जिन्यावर सगळ्यांत मिळून एक. आपल्या मुंबईची चाळच म्हणा, फक्त थंडी आणि कोळशाचा धूर जास्त.

१९१४ ला महायुद्ध पेटलं. क्लाइड नदीच्या काठी जहाजबांधणीचे आणि दारूगोळ्याचे कारखाने रात्रंदिवस चालायला लागले, बाहेरगावहून हजारो कामगार येऊन पडले आणि घरं मात्र होती तेवढीच, मग घरमालकांनी भाडी वाढवली. म्हणजे नवरा किंवा मुलगा फ्रान्समध्ये खंदकात बसलाय आणि इकडे बायको-पोरांना नोटीस, वाढीव भाडं द्या नाहीतर खोली खाली करा. मालक स्वतः सहसा समोर यायचेच नाहीत, वसुलीला त्यांचा माणूस यायचा, त्याला फॅक्टर म्हणायचे, आपल्याकडे दिवाणजी यायचे तसंच.

ग्लासगोतल्याच गोव्हन नावाच्या वस्तीत मेरी बार्बर म्हणून एक बाई होत्या. जन्म १८७५ चा, किलबारकन गावचा, विणकराच्या घरातल्या. नवरा गोदीत कामाला. त्यांनी आणि शेजारणींनी १९१५ मध्ये एकच ठरवलं की जुनं भाडं वेळेवर द्यायचं, वाढ मात्र एक पैसा द्यायची नाही आणि घर सोडायचं नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण लोकांना वाटतं त्यांनी भाडंच बुडवलं, तसं नव्हतं. खिडक्या-खिडक्यांत कागद लावले, 'आम्ही हलणार नाही'. हेलन क्रॉफर्ड, अॅग्नेस डॉलन अशा बायका सभा घ्यायच्या, पण खरं काम चालायचं स्वयंपाकघरात आणि त्या क्लोजमध्ये.

कसं ते सांगते. एका बाईने घंटा घेऊन बोळाच्या तोंडाशी बसायचं, बाकीच्या आपापल्या घरी धुणं, स्वयंपाक, पोरं बघतायत. कोर्टाचा बेलिफ सामान बाहेर काढायला येताना दिसला की घंटा वाजवायची. घंटा ऐकली की हातातलं काम तसंच टाकून, नाही, टाकून पण नाही, हातात जे असेल ते घेऊनच सगळ्या जिन्यावर धावायच्या, कुणाच्या हातात ओले कपडे तर कुणाच्या हातात पीठ, आणि त्या पिठाचे गोळे आणि ती ओली धुणी बेलिफच्या अंगावर. बोळ अरुंद, जिना अरुंद आणि वर-खाली सगळीकडे बायका, आत शिरणार कुठून? मला हे वाचताना आमच्या वाड्याचा दिंडी दरवाजा आठवतो, तिथे चार बायका उभ्या राहिल्या तर माणूस आत येऊच शकत नाही.

अजून एक प्रसंग हेलन क्रॉफर्डनी आठवणीत लिहून ठेवलाय, तो मला सगळ्यात आवडतो. एका फॅक्टरने 'बाकीच्यांनी दिली, तुम्हीच राहिलात' असं खोटंच सांगून बायकांकडून वाढ उकळली. बार्बरबाईंना कळलं. त्यांनी गोदीतल्या कामगारांना बाहेर बोलावलं, त्याच्या ऑफिससमोरचा रस्ता काळवंडलेल्या तोंडांच्या माणसांनी भरून गेला, मग बाई त्या भाडेकरणींना घेऊन वर गेल्या, त्याला खिडकीतून खाली बघायला लावलं आणि म्हणाल्या पैसे परत करा. त्याने केले.

नोव्हेंबरपर्यंत वीस हजारांच्या वर कुटुंबं संपात होती. मग फॅक्टरने नवी युक्ती काढली, कामगारांना कोर्टात खेचायचं आणि पगारातूनच भाडं कापून घ्यायचं. १७ नोव्हेंबर १९१५ ला केसेस होत्या, त्या दिवशी बायकांचा मोर्चा कोर्टावर निघाला आणि वाटेत कारखान्यातली माणसं हातातली अवजारं खाली ठेवून त्यात मिसळत गेली. कोर्टाबाहेर हजारोंची गर्दी, ऐन युद्धात जहाजांचं काम बंद पडायची वेळ, आणि लंडनमध्ये दारूगोळ्याचे मंत्री लॉइड जॉर्ज. त्यांच्यापर्यंत निरोप गेला, केसेस मागे घेतल्या आणि डिसेंबरमध्ये पार्लमेंटने कायदाच केला की लहान घरांची भाडी युद्धाआधीच्या भाड्याच्या वर जाणार नाहीत. फक्त ग्लासगोत नाही, सगळ्या ब्रिटनमध्ये.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मुंबईत १९१८ मध्ये भाडी रोखणारा युद्धकाळातला कायदा आला, तो विलायतेतल्या १९१५ च्या कायद्याच्याच वळणाचा, नावातसुद्धा 'वॉर रिस्ट्रिक्शन्स' होतं. त्यानंतर १९४७ चा मुंबई भाडे कायदा, आणि त्याच्या जागी १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, जो २००० च्या मार्च अखेरीस लागू झाला. त्यामुळे 'त्या बायकांमुळेच आला' असं मी म्हणणार नाही पण तुमच्या भाडेपावतीची वंशावळ काढत गेलात तर ती गोव्हनच्या त्या बोळापर्यंत पोचते एवढं खात्रीने सांगते.

आणि छताचं. भाडं वर्षानुवर्षं गोठलं की मालक दुरुस्तीला हात लावत नाही, हे मी स्वतः भोगलंय. आमच्या मालकांना वडिलांनी किती वेळा सांगितलं की मागची भिंत फुगलीय, ते म्हणायचे तुमच्या भाड्यात एक पोतं सिमेंट येत नाही. ते खोटं नव्हतं आणि भिंत फुगली होती हे पण खोटं नव्हतं. एका श्रावणात ती रात्री पडली. आम्ही सगळे पुढच्या खोलीत होतो म्हणून वाचलो. तेव्हा भाड्याला लगाम हवाच, पण दुरुस्तीचे पैसे कोण देणार हे त्याच कागदावर ठरायला हवं असं माझं ठाम मत आहे, नाहीतर कायदा भाडेकरूला वाचवतो आणि छत त्याला मारतं.

बार्बरबाई नंतर १९२० मध्ये ग्लासगोच्या नगरसेविका झाल्या, शाळेतल्या मुलांना दूध, वस्तीत कपडे धुवायच्या आणि आंघोळीच्या जागा, आई आणि बाळासाठी दवाखाने यासाठी भांडत राहिल्या. १९५८ मध्ये गेल्या. गोव्हनमध्ये त्यांचा पुतळा उभा राहायला मात्र २०१८ साल उजाडलं, आणि तो एकटीचा नाही, मागे मोर्चातली माणसं आहेत. तेच बरोबर आहे.

प्रश्न (आर्किटेक्चरचा विद्यार्थी, गंगापूर रोड) : आमच्या सरांनी पॅट्रिक गेडिस यांचं नाव घेतलं, ते भारतात येऊन जुनी शहरं सुधारायचे म्हणे. नाशिकचे वाडे पाडून टॉवर बांधण्याशिवाय दुसरा उपाय असतो का?

असतो रे, आणि शंभर वर्षांपूर्वी हा माणूस तेच ओरडून सांगत होता. गेडिस १८५४ चे, बॅलाटरचे, मूळचे वनस्पतीशास्त्राचे. लग्न झाल्यावर बायकोला, अॅनाला, घेऊन एडिंबरोच्या जुन्या भागातल्या एका पडक्या, घाण वस्तीत मुद्दाम राहायला गेले, जेम्स कोर्ट नाव तिचं. चांगल्या घरचं जोडपं, पण तिथे राहून शेजाऱ्यांना बरोबर घेऊन भिंतींना चुना लावला, कचरा काढला, खिडकीत झाडं लावली, जे अगदीच मोडकळीला आलं होतं तेवढंच पाडलं आणि बाकीचं दुरुस्त केलं. त्यांचं पुढचं सगळं काम या एका चौकातून निघालं असं मला वाटतं.

१९१४ मध्ये ते भारतात यायला निघाले, बरोबर शहरांचे नकाशे आणि चित्रं यांचं मोठं प्रदर्शन होतं, ते वेगळ्या जहाजाने येत होतं आणि ते जहाज एमडेन नावाच्या जर्मन युद्धनौकेने बुडवलं. आयुष्यभराची जमवाजमव समुद्रात गेली. मित्रांनी तिकडे धावपळ करून नवीन साहित्य गोळा केलं, पाठवलं आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन भरलं सुद्धा!

त्यांची पद्धत अशी की आधी गावात पायी हिंडायचं, प्रत्येक गल्ली, प्रत्येक चौक, विहीर, देऊळ, पार, कुठे बायका पाण्याला बसतात, कुठे म्हातारे गप्पा मारतात. डॉक्टर आधी तपासतो मग औषध देतो तसं. तेव्हाच्या इंजिनिअर लोकांचा खाक्या होता नकाशावर पट्टी ठेवून रुंद सरळ रस्ता आखायचा आणि मधे येतील ती घरं पाडायची. गेडिस म्हणायचे की यात गर्दी कमी होत नाही, उठवलेली माणसं शेजारच्या गल्लीत जाऊन अजून दाटीने राहतात. त्यापेक्षा जे घर पडलेलंच आहे ती जागा मोकळी करा, तिथे छोटा चौक करा, एक झाड लावा, पार बांधा, बाकीची घरं डागडुजी करून ठेवा. शस्त्रक्रिया करायची पण जपून, असं त्याचं वर्णन ते करायचे. खर्च पण कितीतरी कमी यायचा.

आता इंदूरची गोष्ट ऐक, कारण ती आपल्या माणसांची आहे, होळकरांचं राज्य. १९१७ मध्ये तिथे प्लेगची भीती होती, आणि प्लेग म्हणजे काय ते आपल्या भागाला सांगायला नको, आमच्या पणजीच्या तोंडून गावाबाहेर झोपड्या घालून काढलेल्या दिवसांच्या गोष्टी मी ऐकल्यात. गावात मोजमाप करत फिरणाऱ्या या दाढीवाल्या साहेबाकडे लोक संशयाने बघायचे. गेडिसनी महाराजांकडून एका दिवसापुरता कारभार मागून घेतला आणि जाहीर केलं की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, ज्या भागातली घरं आणि गल्ल्या सगळ्यात स्वच्छ आणि नीट असतील त्या भागातून जाणार. झालं, जो तो घर झाडायला, रंगवायला आणि उंदरांची बिळं बुजवायला लागला, गाडीच्या गाड्या कचरा बाहेर गेला.

मिरवणुकीत हत्ती, उंट, पिकांचे देखावे, लक्ष्मी, मग पडक्या घरांचे देखावे, घाणीचा राक्षस आणि प्लेगचा अजस्र उंदीर. आणि त्यांच्या मागे कोण, तर गावातले सफाई कामगार, पांढरे स्वच्छ कपडे घालून, गळ्यात हार, खांद्यावर नवे झाडू, गाड्या रंगवलेल्या, बैल धुतलेले. १९१७ मध्ये! ज्यांची सावली लोक टाळायचे ती माणसं राजाच्या मिरवणुकीत हार घालून चालली. तुळशीची रोपं वाटत गेले आणि शेवटी तो राक्षस आणि तो उंदीर जाळला, वर आतषबाजी. मला या माणसाबद्दल जो जिव्हाळा वाटतो तो त्या झाडूवाल्यांच्या हारांमुळे.

त्याच वर्षी अॅना भारतातच तापाने गेल्या आणि मोठा मुलगा फ्रान्सच्या रणांगणावर मारला गेला. तरी ते थांबले नाहीत. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला त्याचे ते पहिले प्राध्यापक, आणि आपल्या मालवणच्या गो. स. घुर्ये यांना पुढे शिकायला विलायतेला पाठवायची शिफारस त्यांचीच. १९२४ पर्यंत मुंबईत होते, १९३२ मध्ये फ्रान्समध्ये वारले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एक काम सांगते. एक रविवार काढ, वही घे, भद्रकाली ते सोमवार पेठ चाल, आणि पडलेल्या वाड्यांच्या रिकाम्या जागा नकाशावर मांड. आमचा वाडा होता तिथे आज पत्रे ठोकून मोटारसायकली लावतात. तिथे एक कडुलिंब आणि बसायला पार एवढं जरी झालं असतं तरी शेजारच्या सहा घरांना वारा मिळाला असता.

प्रश्न (नर्सिंग कॉलेजची विद्यार्थिनी, पंचवटी) : पहिल्या महायुद्धात बायका फक्त नर्स होत्या का? डॉक्टर नव्हत्याच?

होत्या, आणि त्यातली सगळ्यात मोठी आपल्या नैनीतालला जन्मलेली. डॉक्टर एल्सी इंग्लिस, जन्म १८६४, वडील इथे सरकारी नोकरीत. घर परत स्कॉटलंडला गेलं, एल्सी १८९२ मध्ये डॉक्टर झाल्या, एडिंबरोत गरीब बायकांसाठी बाळंतपणाचं छोटं हॉस्पिटल चालवायच्या आणि मताच्या हक्कासाठी लढायच्या. आपल्या डॉक्टर रखमाबाई पण १८६४ च्याच, आणि लंडनला शिकून त्यांनी डॉक्टरकीची पात्रता स्कॉटलंडच्याच कॉलेजांकडून मिळवली, कारण तिथे बायकांना परीक्षेला बसू द्यायचे.

युद्ध सुरू झाल्यावर इंग्लिसबाई युद्धखात्याकडे गेल्या, म्हणाल्या डॉक्टर, नर्स, ड्रायव्हर सगळ्या बायकाच असलेलं हॉस्पिटल आम्ही उभं करून देतो. उत्तर मिळालं, बाई, घरी जा आणि गप्प बसा. त्या घरी गेल्या नाहीत. मताच्या हक्काच्या चळवळीतूनच पैसे उभे केले, स्कॉटिश विमेन्स हॉस्पिटल्स नाव दिलं आणि ब्रिटिश सैन्याला नको असेल तर फ्रेंचांना देऊ, सर्बियाला देऊ म्हणून निघाल्या. फ्रान्समध्ये रॉयोमाँ नावाच्या जुन्या मठात वीज नाही, नळ नाही अशा जागेत हॉस्पिटल थाटलं. सर्बियात १९१५ मध्ये टायफसची साथ, म्हणजे उवांमधून पसरणारा ताप, एकेका पलंगावर दोन-तीन रोगी, डॉक्टर-नर्स स्वतः त्यात मेल्या, तिथे या बायकांनी काय केलं तर आधी उवा, कपडे उकळणं आणि स्वच्छता यांच्या मागे लागल्या. तू नर्सिंगची आहेस, तुला कळेल की यात नाट्य काही नाही पण माणसं यानेच वाचतात.

शत्रूने सर्बिया घेतल्यावरही त्या रोग्यांना सोडून पळाल्या नाहीत, कैदेत राहिल्या, सुटल्यावर १९१६ मध्ये परत रशियाच्या बाजूने सर्बियन सैनिकांबरोबर गेल्या. तोपर्यंत स्वतःला कॅन्सर झालेला, माहीत होतं. नोव्हेंबर १९१७ मध्ये आपल्या हॉस्पिटलमधल्या सगळ्या मुलींना घेऊन इंग्लंडच्या न्यूकॅसल बंदराला बोट लागली तेव्हा उभं राहवत नव्हतं, तरी डेकवर उभ्या राहून एकेका सर्बियन अधिकाऱ्याचा निरोप घेतला. दुसऱ्या दिवशी, २६ नोव्हेंबरला गेल्या. सर्बियाचा 'पांढरा गरुड' हा किताब मिळालेली ती पहिली बाई.

प्रश्न (रेल्वेतून निवृत्त काका, नाशिकरोड) : क्विंटिन्सहिलचा अपघात आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगायचे. केबिनमनची चूक एवढंच आठवतं. नीट सांगाल का?

काका, ही गोष्ट तुमच्यासारख्यांना दोन ओळीत कळेल पण बाकी वाचकांसाठी थोडं उलगडून सांगते. २२ मे १९१५, स्कॉटलंडच्या हद्दीवर ग्रेटनाजवळची क्विंटिन्सहिलची केबिन, म्हणजे जिथून गाड्यांचे सिग्नल देतात ती खोली, सकाळी पावणेसातचा सुमार. दोन्ही लूप लाइनवर, म्हणजे गाडी बाजूला काढून ठेवायच्या रुळांवर, मालगाड्या उभ्या, मागून एक्सप्रेस यायची म्हणून लोकल पॅसेंजर उलट्या दिशेच्या मेन लाइनवर नेऊन ठेवली, केबिनच्या अगदी समोर. ड्युटी बदलायची खरी वेळ सहाची, पण दोघा केबिनमननी आपापसात ठरवलेलं की दिवसपाळीवाल्याने त्याच लोकलने साडेसहाला यायचं. चोरी पकडली जाऊ नये म्हणून सहानंतरच्या नोंदी रात्रपाळीवाला एका कागदावर करून ठेवायचा आणि दुसरा आला की आपल्या अक्षरात रजिस्टरमध्ये उतरवायचा.

त्या सकाळी जेम्स टिन्सली ज्या लोकलने आला तीच समोर उभी, आणि तो खाली मान घालून नोंदी उतरवत बसला, आजूबाजूला युद्धाच्या बातम्यांवर गप्पा, आणि ती गाडी तो विसरला. लोकलचा फायरमन गाडी इथे उभी आहे याची आठवण द्यायला नियमाप्रमाणे वर येऊन सही पण करून गेला. सिग्नल ओढायच्या लिव्हरवर, म्हणजे दांड्यावर, कॉलर घातली असती, म्हणजे ती लोखंडी कडी, तर सिग्नल ओढताच आला नसता, ती घातली नव्हती. सिग्नल दिला आणि सैनिकांची स्पेशल गाडी लोकलवर आदळली, मिनिटाच्या आत दुसऱ्या बाजूने एक्सप्रेस त्या ढिगाऱ्यात घुसली. डबे लाकडी, दिवे गॅसचे, आग दिवसभर पेटत राहिली. सव्वादोनशेच्या आसपास माणसं गेली, बहुतेक रॉयल स्कॉट्स पलटणीच्या सातव्या बटालियनची, एडिंबरोजवळच्या लीथची पोरं, गॅलिपोलीच्या लढाईवर निघालेली. ब्रिटनच्या रेल्वेत इतकी माणसं एका अपघातात आधी किंवा नंतर कधी गेली नाहीत.

टिन्सलीला तीन वर्षं, रात्रपाळीच्या जॉर्ज मीकिनला दीड वर्ष शिक्षा झाली. दोघांची चूक होतीच, पण युद्धाच्या गर्दीत लाकडी, गॅसच्या दिव्यांचे जुने डबे सैनिकांना कुणी दिले हा प्रश्न कोर्टात कुणाच्या गळ्यात पडला नाही, हे मला अजून बोचतं. तुम्ही पत्रात लिहिलंय की शेवटच्या दिवसापर्यंत तुम्ही लिव्हरला कॉलर घातल्याशिवाय कधी चहाला हात लावला नाही. ते वाक्य मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

प्रश्न (शाळकरी खेळाडू, दिंडोरी) : रविवारी न धावणारा ऑलिम्पिक धावपटू खरा होता का?

हो, एरिक लिडेल. १९०२ ला चीनमध्ये जन्मलेला, घरचे मिशनरी. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरच्या पहिल्या फेऱ्या रविवारी होत्या म्हणून ती शर्यत त्याने सोडली, ऐनवेळी नाही बरं का, काही महिने आधी, आणि मग ४०० मीटरचा सराव करून ४७.६ सेकंदात सुवर्ण जिंकलं, २०० मीटरला कांस्य. नंतर चीनला शिकवायला गेला आणि १९४५ मध्ये जपान्यांच्या छावणीत वारला. तुला ४०० धावायचं असेल तर पहिल्या दोनशेत त्याच्यासारखं सुटू नकोस, तुझ्या सरांचं ऐक.

प्रश्न (एक आजोबा, इगतपुरी तालुका) : आमचं गाव धरणात गेलं. पाणी येणार हे माहीत असून शेवटच्या दिवशी आईने घर सारवलं होतं. तिकडे असं कुठलं गाव उठलं का?

आजोबा, उठलं. सेंट किल्डा, स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिकमधलं अगदी एकटं बेट. तिथली माणसं समुद्रपक्ष्यांवर जगायची, अनवाणी पायाने कड्यांवरून दोराने उतरून पक्षी आणि अंडी आणायची. रोज सकाळी गावातले पुरुष रस्त्यावर जमून आज काय काम करायचं ते ठरवायचे, आपल्या चावडीसारखं, त्याला लोक पार्लमेंट म्हणायचे. तरुण माणसं सोडून जात राहिली, हिवाळ्यात महिनोन् महिने बोट नाही, डॉक्टर नाही, आणि १९३० मध्ये उरले फक्त ३६ जण. त्यांनी स्वतःच सरकारला अर्ज केला की आम्हाला इथून न्या. पाण्याने नाही, एकटेपणाने गाव उठलं.

मेंढ्या आधी नेल्या. कुत्रे नेता येणार नव्हते, ते गळ्यात दगड बांधून समुद्रात बुडवले. २९ ऑगस्ट १९३० ला सकाळी प्रत्येक घरात उघडं बायबल आणि ओटच्या दाण्यांची छोटी रास ठेवली, दारं लावली आणि माणसं बोटीत बसली. पुरुषांपैकी बऱ्याच जणांना सरकारने जंगलखात्यात कामाला लावलं, ज्या बेटावर एक झाड नव्हतं तिथल्या माणसांना. काही जण पुढे कित्येक उन्हाळे परत जाऊन आपल्या घरात राहून यायचे. त्या दिवशी बोटीत आठ वर्षांची असलेली एक मुलगी २०१६ पर्यंत जिवंत होती, तिथे जन्मलेल्यांमधली ती शेवटची.

आईने सारवलेल्या त्या घराबद्दल अजून काही आठवत असेल, दार कुठल्या दिशेला होतं, उंबरा कशाचा होता, तर मला लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर नातवाला सांगा, तो लिहील.